ब्रेक एकदाच दाबायचा

गल्लीतल्या बायका त्यांच्या गाडीला तिची सवत म्हणायच्या, आणि सुरुवातीला ती त्यावर हसायचीसुद्धा. पुढे हसू आटलं. सवतीशी निदान भांडता तरी येतं. हिच्याशी काय भांडणार? हिचं तोंड म्हणजे बॉनेट, ते कायम उघडं, आणि त्यात डोकं घालून उभा असलेला तिचा नवरा. सुट्टीच्या दिवशी कुणी पाहुणा आला आणि "साहेब आहेत का घरात?" म्हणाला, की मुलगी त्याला गॅलरीत नेऊन खाली बोट दाखवायची. "ते बघा, पाय." गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असायचे. पाहुणा त्या पायांना नमस्कार करून चहा पिऊन जायचा.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. मोडलेल्या काड्या जोडणं, सैल स्क्रू आवळणं, नाकावरची गादी बदलणं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे तीही कबूल करायची. पण ज्याला मोहरीएवढा स्क्रू बसवता येतो त्याला गाडीचं इंजिनही बसवता येतं, हा शोध त्याचा त्यानेच लावला होता आणि त्याचं प्रायश्चित्त सगळं घर भोगत होतं. ही त्यांची तिसरी गाडी. तिन्ही जुन्या, स्वस्तात मिळालेल्या, "किरकोळ काम आहे" म्हणून गळ्यात पडलेल्या. पहिली भंगारात गेली तेव्हा तिच्या सीटा दुसरीत आल्या. दुसरी गेली तेव्हा तिचा हॉर्न आणि एक दरवाजा तिसरीला लागला. अशा गाडीला कुठली म्हणायचं, हे तिच्या कागदांनाही सांगता आलं नसतं.

गॅरेज हा शब्द घरात उच्चारायचा नाही. "गॅरेजवाले लुटतात. एक नीट करतात आणि दोन बिघडवून ठेवतात. मी करतो की!" मग तो करायचा. कुकरची शिट्टी होईना म्हणून ती डोकं धरून बसायची, आणि मग एकदम लक्षात येऊन खाली जायची.

"अहो, कुकरची रिंग?"

"एअर फिल्टरच्या झाकणाला लावलीय. तात्पुरती."

तात्पुरतं म्हणून जे जे लावलं ते त्या गाडीत सर्वांत जास्त टिकलं. मुलीच्या केसांचे चिमटे, चहाची गाळणी, जुन्या पर्सचा पट्टा, सगळं तात्पुरतं. मुलगी म्हणायची, "आई, आपल्या घरात हरवत काहीच नाही. फक्त बॉनेट उघडून बघायचं."

गाडी चालवायला तिला नवऱ्यानेच शिकवलं. म्हणजे ही गाडी चालवायला शिकवलं, आणि या दोन गोष्टींत केवढा फरक आहे हे तिला फार उशिरा कळलं. बॅटरीचा भरवसा नाही, म्हणून गाडी नेहमी उतारावर लावायची. सुरू करताना ब्रेक सोडून गडगडू द्यायची, सेकंड गिअर टाकून क्लच सोडायचा, की ती खोकत खोकत जागी व्हायची. थांबल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून एक पाय सतत अ‍ॅक्सिलरेटरवर. ब्रेक लांबूनच, तीनदा दाबायचा. पहिल्या दोन वेळा नुसती हवा, तिसऱ्यांदा पकड. गाडी डावीकडे ओढायची, तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवायचं. चढ लागला की हीटर लावायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन वाचतं. माणसांचं काय व्हायचं ते होवो. आणि उतरताना काच खाली करून, हात बाहेर काढून दार बाहेरून उघडायचं, कारण आतली कडी केव्हाच निकामी झालेली.

आणि एवढं सगळं करूनही ती गाडी चौकात मध्येच बंद पडली, की नवरा शेजारून शांतपणे म्हणायचा, "क्लच झटक्यात सोडलास." ती म्हणायची, "अहो, गाडीतच काहीतरी आहे." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "नाचता येईना अंगण वाकडं!" हे तो चिडून म्हणायचा नाही, थट्टेत म्हणायचा, आणि त्यामुळेच ते जास्त लागायचं. मागून हॉर्न वाजत असायचे, लोक काचेतून हातवारे करत असायचे, आणि तिला घाम फुटलेला असायचा. हळूहळू तिची खात्री पटली की आपला हातच वाईट. चालवता येतं म्हणायला येतं, पण आपण काही ड्रायव्हर नाही. हे ती कुणाला बोलली नाही, मनात मात्र पक्कं बसलं.

ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. रक्त घ्यायची. तिथे सगळे तिला सुईताई म्हणायचे, कारण सुई कधी टोचली हे पेशंटला कळायचं नाही. म्हातारी माणसं फोन करून विचारायची, सुईताई असतील तरच येतो. तिच्या पगारावर घर उभं होतं. चष्म्याच्या दुकानाचा पगार बराचसा सवतीच्या पेट्रोलमध्ये जिरायचा. तर त्या लॅबने ठरवलं की आता लोकांच्या घरी जाऊन रक्त आणायचं, आणि ड्रायव्हर वेगळा ठेवायचा नाही. जो रक्त घेईल त्यानेच लॅबची गाडी चालवायची. लॅबमध्ये बसून रक्त घ्यायचं काम बंद होणार होतं. ज्याला गाडी जमेल त्याची नोकरी राहील, बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं.

"मला येते," ती पटकन बोलून गेली, आणि सुपरवायझरने दुसऱ्याच दिवशी चाचणी ठेवली.

सुपरवायझर शांत माणूस होता. ओरडणाऱ्या माणसाला एक वेळ उत्तर देता येतं, शांत माणसासमोर पंचाईत होते. तो शेजारी बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, "चला." मागच्या सीटवर नमुन्यांचा थंड डबा. तिने किल्ली फिरवली. काहीच आवाज नाही. तिने पुन्हा फिरवली आणि गाडीने करकरून दात खाल्ले.

"चालू झालीय ती," सुपरवायझर म्हणाला.

एवढं गुपचूप चालू होणारं इंजिन तिने कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं म्हणजे ऐकू आलंच नव्हतं. निघाली. लांबवर सिग्नल दिसला. पाय आपोआप ब्रेककडे गेला, पहिला दाब, हवा काढायचा. गाडी जागच्या जागी खिळली. डबा सीटवरून खाली आला, सुपरवायझर पट्ट्यात अडकून पुढे लोंबला, मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. तिने माफी मागितली आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, बंद पडू नये म्हणून. सिग्नल हिरवा होईपर्यंत ती नवीकोरी गाडी जागेवर उभी राहून गुरगुरत राहिली.

पुढे रस्ता मोकळा होता तर हात उजवीकडे. सुपरवायझर म्हणाला, "ताई, कुठे?" समोरून टेम्पो येत होता. तिने सावरलं. मग चढ आला. तिचा हात कधी पुढे गेला, बटण कधी फिरलं, तिला पत्ताच नाही. सुपरवायझरने रुमाल काढला, कपाळ पुसलं, मान पुसली, आणि शेवटी अगदी नम्रपणे विचारलं, "हीटर कशाला लावलाय? मागे नमुने आहेत."

काय सांगणार? की चढावर हीटर न लावणं म्हणजे आमच्या घरात पाप?

पेशंटच्या फाटकासमोर चार गाड्या राहतील एवढी जागा मोकळी होती, सपाट, सावलीची. तिने ती सोडली, पुढे जाऊन वळली आणि गाडी लांबवर, उतारावर लावली. मग काच खाली केली, हात बाहेर काढला आणि बाहेरून दार उघडलं. सुपरवायझर आपल्या बाजूने साधंसुधं उतरून तिच्याकडे बघत राहिला. "दाराला काही झालंय का?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "नाही, सवय आहे."

रक्त तिने नेहमीसारखं घेतलं. पेशंट आजोबा म्हणाले, "घ्या की, कधी घेताय?" तेव्हा नळी भरलेली होती. पण त्याने काय होणार? परत येताना गाडी सुपरवायझरने चालवली. लॅबच्या दारात तो म्हणाला, "ताई, सुईत तुम्हाला तोड नाही. पण तुम्ही गाडी चालवत नाही, तुम्ही तिची समजूत घालता. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघू. नाही जमलं तर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल."

ती घरी आली तेव्हा फाटकापाशी पाय होते.

"अहो, बाहेर या."

"एक मिनिट, बोल्ट हातात आहे."

"माझी नोकरी चालली."

पाय हलायचे थांबले. मग नवरा घसटत बाहेर आला, केसांत माती, गालावर ग्रीस. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हीटर सांगितला, दार सांगितलं, टेम्पो सांगितला. तिला वाटलं आता तरी हा माणूस काहीतरी शहाण्यासारखं बोलेल. तो विचार करून म्हणाला, "नव्या गाड्यांचे ब्रेक जरा कडकच असतात."

"कडक नाहीत हो ते! ब्रेक आहेत! ब्रेक असेच असतात! आपल्याला माहीतच नाही ब्रेक कसे असतात!"

समोरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. तिला पर्वा नव्हती. गॅरेजमध्ये टाका, नाहीतर विका, नाहीतर जाळा, ती म्हणाली, पण मला आठवड्यात सरळ गाडीवर हात बसवायचाय. नवऱ्याने छातीवर हात ठेवला. "रविवारपर्यंत सरळ करून देतो. माझा शब्द."

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा. तो रोज दुकानातून आला की खाली जायचा. स्वयंपाकघरातला चिमटा गेला, कपडे वाळत घालायची दोरी गेली; दोरी म्हणे चाकं एका रेषेत आहेत का ते बघायला. रविवारी हात पुसत वर आला, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. "चल, बघ. डावीकडे ओढतेय का सांग." तिने गाडी काढली. खरंच डावीकडे ओढेना.

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, आता उजवीकडे ओढतेय."

तिने कोपऱ्यावर वळताना ब्रेक दाबला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. गाडी कचऱ्याच्या पिंपाला टेकून थांबली. तिने काच खाली केली, बाहेरून दार उघडलं, उतरली, आणि रस्त्यातच म्हणाली, "भीक नको पण कुत्रा आवर! हात जोडते तुम्हाला, आता हिला हात लावू नका. मलाही काही शिकवू नका." आणि चालत घरी गेली. तिला संताप अनावर झाला होता, पण खाली, त्या संतापाच्या खाली, भीती होती. नोकरी गेली तर दुसरी कुठली लॅब या वयात घेणार?

तासाभराने तिने गॅलरीतून बघितलं तर पिंपाजवळ गाडी तशीच होती आणि पाय नव्हते. नवरा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, न सांगता बाहेर पडला होता. संध्याकाळी परत आला तो तिच्या दादाच्या गाडीत बसून. दादा चालवत होता.

हे तिला खरं वाटेना. दादाने पूर्वी एकदा सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांच्या गाडीला "चाकं लावलेला डबा" म्हटलं होतं, आणि सगळे हसले होते. तेव्हापासून नवऱ्याने मेहुण्याच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. जायचं झालं तर तो खाली उभा राहायचा. तो आज तिथे जिना चढून गेला होता. काय बोलला ते वहिनीने नंतर फोनवर सांगितलं. दारातच उभा राहून म्हणाला, "दादा, माझ्या गाडीने तिचा हात बिघडवलाय. तुमची गाडी थोडे दिवस द्याल?" दादाने थट्टा करायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मोकळ्या मैदानाकडे गेली. ती फुरंगटूनच बसली होती. शेजारी बसून हा पुन्हा "क्लच झटक्यात सोडलास" म्हणाला, तर गाडी सोडून निघून जायचं, हे तिने ठरवलं होतं. तो म्हणाला नाही. तो तिच्या पायांकडे बघत होता, दुकानात चष्म्याचा स्क्रू बघावा तसा.

"ब्रेक एकदाच दाबायचा," तो म्हणाला. "आपल्या गाडीच्या पाइपात हवा आहे. ती काढायची राहिली. काढतो काढतो म्हणालो."

तिने दाबला. तीनदा.

"एकदाच. परत."

ते पुन्हा निघाले. "थांबल्यावर पाय उचल. पूर्ण उचल. ही बंद नाही पडणार. आपली पडते, कारण मी कार्बोरेटर उघडला होता आणि एक स्प्रिंग उरली." तिने चमकून त्याच्याकडे बघितलं. स्प्रिंग उरल्याचं तो कधी बोलला नव्हता. "हीटर नको, काही झालं तरी नको. आपलं पाणी गळतं. रेडिएटरला मी जे लावलंय ते टिकत नाही, माहितीये मला." एकेक सवय तो तिच्या अंगावरून काढत होता, आणि प्रत्येक सवयीच्या मुळाशी त्याच्याच हातची एक दुरुस्ती निघत होती. तिची कुठली सवय कुठून आली हे जगात त्याच्याशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं. गाडी शिकवणाऱ्या शाळेलाही नाही.

मैदानाच्या कडेचा लांब रस्ता आला. तिचे हात उजवीकडे ताठरले.

"हात सोड," तो म्हणाला.

"सोडू?"

"हळू चालव आणि सोड."

तिने बोटं उघडली. हात स्टिअरिंगच्या वर अधांतरी ठेवले, पडणाऱ्या मुलाला धरायला ठेवावेत तसे. गाडी सरळ गेली. झाडं मागे गेली, खांब मागे गेले, गाडी सरळच जात राहिली. कुणी ओढत नव्हतं, कुणाला धरून ठेवायचं नव्हतं.

"म्हणजे मला येते चालवता?" तिने विचारलं.

"येते. पहिल्यापासून येत होती. चौकात बंद पडायची ती गाडीची चूक. म्हणजे माझी." तो समोर काचेकडे बघून बोलत होता. "अंगणच वाकडं होतं."

तिने ब्रेक दाबला. एकदाच. गाडी अलगद थांबली.

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. एवढी वर्षं चौकाचौकात ती मान खाली घालून बसली होती, लोकांचे हॉर्न आपल्यासाठीच आहेत असं समजून. दादाच्या घरी जाताना, मुलीच्या शाळेत जाताना, प्रत्येक वेळी. आणि या माणसाच्या खिशात एक स्प्रिंग होती. ती बोलली, भरपूर बोलली, मैदानात फिरायला आलेली माणसं थांबून बघेपर्यंत बोलली. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही "पण" म्हणाला नाही. बोलून बोलून तिचा घसा बसला तेव्हा म्हणाला, "आता रिव्हर्स घेऊन दाखव."

दुसऱ्या चाचणीत सुपरवायझरने अर्ध्या रस्त्यात डुलकी काढली. त्याहून मोठं प्रशस्तिपत्रक तिला नको होतं. फाटकासमोर सपाटीवर, सावलीत तिने गाडी लावली आणि दार आतून उघडून उतरली. सुपरवायझर डोळे चोळत म्हणाला, "आलो का?" नोकरी राहिली.

नवरा सुधारला का? छे. दादाची गाडी परत गेली आणि दुसऱ्या सकाळी पाय पुन्हा गाडीखाली. फक्त आता ती त्या गाडीला हात लावत नव्हती, आणि तोही तिला चालव म्हणत नव्हता.

काही आठवड्यांनी, भर दुपारी, ती लॅबची गाडी घेऊन परतत होती. मागे डबा भरलेला. एका बाळाचा नमुना त्यात होता, तो वेळेत पोचायलाच हवा होता. मोठ्या चौकात सगळं तुंबलेलं. हॉर्न, शिव्या, ऊन. ती इंचाइंचाने पुढे सरकली आणि बघते तर मधोमध सवत उभी, बॉनेट आ वासून, वाफ निघतेय. नवरा शेजारी उभा, कोपरापर्यंत काळा. एक बसवाला खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

तिचा हात दाराकडे गेला. ढकलायला दोन माणसं लागतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तेवढ्यात त्याने मान वर केली. आधी लॅबची गाडी दिसली, मग ती दिसली. त्याने जोरजोरात मान हलवली, नाही, उतरू नको. आणि सवतीला तशीच वाफ ओकत सोडून तो धावत चौकाच्या मध्यावर गेला, बससमोर उभा राहिला आणि दोन्ही काळे हात वर केले.

"थांबा! रक्त आहे गाडीत! तिला जाऊ द्या!"

बस थांबली. रिक्षा थांबल्या. मधून एक वाट फुटली, बरोबर एका गाडीपुरती. ती त्या वाटेने निघाली. त्याच्या शेजारून जाताना तिला त्याचा राग आला, दया आली, आणि डोळे भरून आले. पण थांबली असती तर तो सगळा खटाटोप फुकट गेला असता. तिने हात सैल सोडले आणि गाडी सरळ नेली. चौक ओलांडल्यावर तिने आरशात बघितलं. ती केव्हाच निघून गेली होती, हॉर्न पुन्हा सुरू झाले होते, तरी त्याने हात खाली घेतले नव्हते.